चकलीचाच चबाड

"चकलीचाच चबाड चळ्यावरमा चवठे."

मोठी आत्या हे इतक्या सहज बोलली, जणू जन्मभर हीच भाषा बोलत आली होती. धाकटी आत्या "चरंब" म्हणाली आणि डबा उचलून चालू लागली. वसुबारसेची दुपार होती. मी आठ वर्षांची, उंबऱ्यात बसून आकाशकंदिलाच्या शेपट्या कापत होते. वाक्यातलं चबाड कळलं नाही, चळ्यावरमा कळलं नाही, पण पहिला शब्द लख्ख ऐकू आला: चकलीचाच. लाडवाचा नव्हे, शेवेचा नव्हे, चकलीचाच. मग मी कात्री खाली ठेवली आणि धाकट्या आत्याची पावलं कुठे वाजतात ते ऐकत राहिले. शिडी करकरली. पुढचं सांगायला नकोच.

संध्याकाळी पकडले गेले तेव्हा मोठ्या आत्यानं कान धरला नाही. आधी विचारलं, "तुला कळलं कसं?" मी सांगितलं, तू स्वतःच म्हणालीस, चकलीचाच. ती क्षणभर थांबली, ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. आयुष्यभर वापरलेल्या कुलपाला मागून भोक आहे, हे तिला त्या दिवशी कळलं होतं.

'च'च्या भाषेचा नियम एका ओळीचा आहे. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि मोकळ्या झालेल्या जागी 'च' बसवायचा. डबा म्हणजे चबाड, माळ्यावर म्हणजे चळ्यावरमा, ठेव म्हणजे चवठे. पण शब्दच 'च'नं सुरू होत असेल तर? चकलीतला 'च' उचलून शेवटी नेला, पुढे नवा 'च' ठेवला, की हाती उरतं 'चकलीच'. चहाचं 'चहाच', चटणीचं 'चटणीच'. शब्द लपत तर नाहीच, उलट जोर देऊन सांगितल्यासारखा होतो, कारण शेवटी लावलेला 'च' आम्ही मराठी माणसं एरवी नेमक्या त्याच कामासाठी वापरतो. लपवायला घेतलेलं अक्षर भाषेतलं सगळ्यात चहाडखोर अक्षर निघालं.

आमच्या वाड्यात एक किस्सा सांगत. पाहुणे उठायचं नाव घेईनात, तेव्हा आजीनं आतून आत्याला विचारलं, "चहुणेपा चवायलाजे चबणारथां चका?" पाहुणे जेवायला थांबणार का? ओटीवरून पाहुण्यांचाच आवाज आला, "चहीना. चहाच चलेलचा." किस्सा खरा की रचलेला, कोण जाणे, बहुतेक घरांत असा एक तरी पाहुणा येऊन गेलेला असतो.

गळती आणखी आहे. एका अक्षराचे शब्द झाकले जात नाहीत: मी म्हणजे चमी, तू म्हणजे चतू. आणि दोन सारख्या अक्षरांचे शब्द तर अजिबात नाहीत. काका म्हणजे चकाका, मामा म्हणजे चमामा. बाबा, दादा, नाना, सगळे उघडे पडतात. काकी मात्र 'चकीका' होऊन सुखरूप निसटते, मामीची 'चमीमा' होते, आत्या 'चत्याआ' होऊन ओळखूच येत नाही. घरातल्या बायकांनी घरातल्या पुरुषांबद्दल बोलण्यासाठी वापरलेल्या या भाषेत बायका लपतात आणि पुरुष सापडतात. हे कोणी ठरवून केलं नसेल, पण आत्यांना ते मुळीच गैरसोयीचं वाटलं नाही.

मग तो 'च' हवा कशाला? नुसतं पहिलं अक्षर शेवटी नेलं तर चालणार नाही? केळी म्हणून पाहा. 'ळीके' असं काहीतरी होतं आणि जीभ अडते. मराठीत 'ळ'नं शब्द सुरूच होत नाही. 'ण'चीही तीच गत. पाण्याचं 'णीपा', माळेचं 'ळमा' करून भराभर बोलता येणार नाही. पुढे 'च' ठेवला की 'चळीके', 'चणीपा', 'चळमा' सरसर निघतात. हा 'च' म्हणजे शिडीची पहिली पायरी. कोणा व्याकरणकारानं नव्हे, परकराच्या वयातल्या मुलींनी तो शोधला असणार, आणि त्यामागे मराठी तोंडाला काय पेलतं आणि काय नाही याचं पक्कं भान आहे.

दुसरी भाषा 'र्फ'ची. तिचं तंत्र वेगळं. इथे अक्षर हलत नाही, दुभंगतं. व्यंजन आणि त्याचा स्वर यांच्या मधोमध 'र्फ' घुसतो. कुठे म्हणजे 'कर्फुठर्फे', तू म्हणजे 'तर्फू' आणि मी म्हणजे चक्क 'मर्फी'. ज्यांच्या घरात मर्फीचा रेडिओ होता त्या मुलांना ही भाषा शिकवताना पहिला धडा आयता मिळायचा. काका इथे 'कर्फाकर्फा' होऊन नीट झाकले जातात, चकलीची 'चर्फकर्फलर्फी' होते. भोकं कमी, पण वेळ दुप्पट. म्हणून स्वयंपाकघरात 'च' चाले आणि शाळेच्या शेवटच्या बाकावर 'र्फ'.

या दोन भाषांत मला मराठीचे दोन चाकू दिसतात. एक अक्षर कापतो, दुसरा अक्षराच्या आत शिरून वर्ण कापतो. अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, असं आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. दहा वर्षांची पोरगी ते दोन्ही बाजूंनी सोलून दाखवते.

*

डोळ्याला पहिला चाकू आवडतो. म्हणून उलटसुलट सारखी वाचता येणारी वाक्यं आपण अक्षरांनी मोजतो. 'टेप आणा आपटे', 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती' ही वाक्यं कोणी रचली हे कोणाला विचारू नये. ती म्हणींसारखी सगळ्यांची आहेत. एकेकटे शब्द तर घरभर पडलेले असतात: रबर, कडक, नयन, जहाज, सर्कस, मलम, कणिक. 'नवीन' हा शब्द उलटा वाचला तरी नवीनच राहतो. 'डालडा'सुद्धा त्यातलाच, म्हणून तर 'तो कवी डालडा विकतो' या वाक्यात कवीच्या हाती दुसरं काही देता आलं नाही.

पण हेच वाक्य शुद्धलेखनाच्या मास्तरांपुढे ठेवा. कवीतला 'वी' दीर्घ, विकतोतला 'वि' ऱ्हस्व. 'चिमा काय कामाची' यात पहिला 'चि' ऱ्हस्व, शेवटचा 'ची' दीर्घ. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम सांगतात की शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे. म्हणजे जो 'ची' वाक्य संपवताना दीर्घ हवा, तोच उलट वाचताना शब्दाच्या तोंडी येऊन ऱ्हस्व हवा. नियम पाळला तर खेळ मोडतो, खेळ पाळला तर नियम. 'ती होडी जाडी होती' मात्र दोन्ही दारांतून सुटतं, कारण त्यात एकही ऱ्हस्व इकार नाही. नवी वाक्यं रचू पाहणाऱ्यांना माझा एक सल्ला: इकार-उकार टाळा, काना-मात्रांवर जगा.

शब्द पूर्ण उलटा करून दुसराच खरा शब्द मिळाला तर मौज आणखी वाढते. मक्याचं काम, तव्याची वात, रव्याचा वार, लताचा ताल, डावाचा वडा. अक्षरांचा क्रम नुसता ढवळला की कसरत सरकत जाते, मगर गरम होते आणि गजराचीच गरज उरते. मात्रांनाही जागा बदलू दिली तर एक जोडी अशी सापडते, की ती मी हळदीकुंकवात सांगते आणि टाळी घेते: वानर आणि नवरा. तीच तीन व्यंजनं, तोच एक काना.

या खेळाचं पहिलं उदाहरण आपल्याला गोष्टीतून कळलेलं असतं. वाल्या कोळ्याच्या तोंडी राम येईना, म्हणून त्याला 'मरा' जपायला सांगितलं. रा आणि म, म आणि रा. 'मरा मरा' न थांबता म्हणत राहिलं की राम आपोआप सापडतो. ऐकताना आपण भक्तीच्या महिम्यात गुंततो, पण ती गोष्ट अक्षरांच्या अदलाबदलीवर उभी आहे. गोल फिरणाऱ्या शब्दाला सुरुवात नसते, हे तिथे लहान मुलाला कळेल असं सांगितलंय.

रामावर असे खेळ पुष्कळ झाले. सोळाव्या शतकात पार्थपूरला, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला, दैवज्ञ सूर्यकवी राहत. ज्योतिषी घराणं, भास्कराचार्यांच्या लीलावतीवर त्यांनी टीका लिहिली. त्यांचंच 'रामकृष्णविलोमकाव्य'. श्लोकाच्या पूर्वार्धात रामाची कथा आणि तीच अक्षरं शेवटाकडून मोजत आलं की उत्तरार्ध तयार, त्यात कृष्णाची. एक वाक्य जुळवताना आपला जीव मेटाकुटीला येतो. या गृहस्थांनी दोन अवतार एकाच दोरीत उलटसुलट ओवले. दिवसभर ग्रहांच्या वक्री आणि मार्गी गतीचा हिशेब करणाऱ्याला अक्षरं वक्री चालवायची हौस वाटली, यात मला नवल वाटत नाही.

दोनशे वर्षांनी बारामतीच्या मोरोपंतांनी रामायणंच शेकड्यानं लिहायला घेतली. त्यांची संख्या एकशे आठ सांगतात. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण', ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं. प, फ, ब, भ नाहीत, आणि 'म'सुद्धा नाही. म्हणजे 'राम' म्हणायचीच पंचाईत! नायकाचं नाव टाळून त्याची कथा सांगायची. नवऱ्याचं नाव न घेता त्याच्याबद्दल तासन् तास बोलणाऱ्या आमच्या आज्यांना यात काही अवघड वाटलं नसतं.

*

खेळाची दुसरी बाजू गुप्ततेची. कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत 'म्लेच्छितविकल्प' नावाची एक कला आहे: जाणकारालाच कळेल असं बोलणं-लिहिणं. त्यावरच्या जयमंगला टीकेत मूलदेवाची पद्धत दिली आहे. अक्षरांच्या जोड्या ठरवायच्या आणि एकाच्या जागी दुसरं वापरायचं. 'अ'च्या जागी 'क', चवर्गाच्या जागी टवर्ग, तवर्गाच्या जागी पवर्ग, आणि उलटही तसंच. या हिशेबानं 'ताट' मागितलं तर ऐकणाऱ्याला 'पाच' ऐकू येतं, आणि 'चाट' म्हटलं की 'टाच'. मराठीत करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द अजून आहेत. करपल्लवीत हाताचा नागफणा केला की स्वर, कमळ केलं की कवर्ग, चक्र केलं की चवर्ग. मग बोटांनी त्यातलं कितवं अक्षर ते दाखवायचं. आज नेत्रपल्लवी म्हटलं की आपल्याला फक्त डोळे मिचकावणारे नायक-नायिका आठवतात. मुळात तेही एक गणितच.

महाराष्ट्रात या विद्येचा सगळ्यात गंभीर उपयोग महानुभावांनी केला. पंथाचे ग्रंथ परक्याच्या हाती पडले तरी वाचता येऊ नयेत म्हणून त्यांनी सांकेतिक लिप्या घडवल्या. त्यातली सकळ लिपी रवळोव्यासांची. अक्षरांच्या जागी ठरलेली दुसरी चिन्हं, आणि किल्ली फक्त पंथाकडे. मराठीतलं आद्य गद्य या कुलपाआड शतकानुशतकं राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी किल्ली शोधली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास पुन्हा लिहावा लागला. एका बाजूला चकलीचा डबा, दुसऱ्या बाजूला लीळाचरित्र. ऐवज वेगळा, कुलपाची जात एकच.

*

आता ठरवून न केलेली अदलाबदल.

गेलं वर्षभर मी एक वही ठेवली आहे. कोणाची जीभ घसरली की ती नोंदवायची. नातेवाईक आता माझ्यासमोर जपून बोलतात, आणि जपून बोलणारा जास्त घसरतो, त्यामुळे वही भरते आहे. 'दहीभात'चं 'भहीदात', 'सुई-दोरा'चं 'दुई-सोरा', 'गरम भजी'ची 'भरम गजी'. सगळ्यात लाडकी नोंद भाच्याच्या लग्नाच्या बोलणीतली. मुलीकडच्या काकू ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घ्या, पहा-चोहे घ्या." कार्यक्रम मुलगी पाहण्याचाच होता. त्या एका चुकीनं दोन्ही घरं मोकळी झाली. पुढचं बोलणं सोपं गेलं.

या 'पहा-चोहे'कडे नीट पाहा. 'च' आणि 'पो' ही अक्षरं जागा बदलत नाहीत. तसं झालं असतं तर 'पोहा-चहे' झालं असतं. बदलतात फक्त च् आणि प्. ओकार आपल्या जागी बसून राहतो आणि आलेल्या पाहुण्याला मिठी मारतो. लिहिताना आपण अक्षराला एकसंध मानतो, बोलताना जीभ मात्र दुसऱ्या चाकूनं, 'र्फ'वाल्या चाकूनं कापते. आणि जागाही ठरलेली: शब्दारंभीचा आवाज शब्दारंभीच्या आवाजाशीच जागा बदलतो, मधल्याशी सहसा नाही.

माझ्यासारख्या वह्या इतरांनीही ठेवल्या. व्हिएन्नाच्या रुडॉल्फ मेरिंगर यांनी १८९५ मध्ये जर्मन बोलण्यातल्या चुकांचा संग्रह छापला. पुढे फ्रॉइडनं अशा चुकांत मनातल्या दडलेल्या इच्छा शोधल्या. कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं, की या चुकांनाही शिस्त असते. वेड्यावाकड्या वाटणाऱ्या घसरणीतून भाषेचे साठवलेले तुकडे कोणते ते दिसतं. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे प्रमुख विल्यम स्पूनर यांचं तर नावच इंग्रजीत या चुकीला चिकटलं. त्यांच्या नावावर खपणारे बहुतेक नमुने विद्यार्थ्यांनी रचलेले होते. आपल्याकडे विनोदी वाक्यं जशी अत्रे आणि पुलंच्या नावावर जमा होतात, तसंच.

१९७५ मध्ये बार्स, मॉटली आणि मॅके यांनी प्रयोगशाळेत लोकांच्या जिभा मुद्दाम घसरवल्या. त्यांना आढळलं, की अदलाबदलीतून खरे शब्द तयार होत असतील तर घसरण जास्त होते. हे वाचलं आणि मी घरच्या घरी जोड्या लावत बसले. 'वडा-पाव'चं 'पडा-वाव': दोन्ही खरे. 'ताट-वाटी'चं 'वाट-ताटी': दोन्ही खरे. 'नाव-गाव' तर इतकं पक्कं, की उलटलं तरी 'गाव-नाव' होतं आणि ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. जिभेच्या मागे कोणीतरी पहारेकरी बसलेला असतो. अनोळखी शब्द आला तर हटकतो, ओळखीचा आला तर आत सोडतो. पंगतीत एखाद्यानं 'वाट-ताटी आणा' म्हटलं तर दोष त्याच्या जिभेचा नाही, पहारेकऱ्यानं ओळखीचे चेहरे पाहून दार उघडलेलं असतं.

*

एवढा वेळ मी खेळ आणि चुका वेगळ्या ठेवल्या. त्या जिथे एक होतात ती जागा हेमचंद्रांच्या व्याकरणात सापडते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी 'नुस्कान' म्हणायच्या. "ताई, दुधाचं नुस्कान झालं." आम्ही मुलं तोंडावर हात ठेवून हसायचो. लखनौला 'नखलौ' म्हणणाऱ्या दूरच्या आजोबांनाही हसायचो. अक्षर जागेवर ठेवता येत नाही तो अडाणी, एवढं शाळेनं आम्हाला न शिकवता शिकवलं होतं. आणि त्याच घरात लग्नाला बनारसी शालू आणला जाई. बनारस म्हणजे तरी काय? वाराणसीतल्या 'र' आणि 'ण' यांनी जागा बदलल्या, वाणारसी झालं, त्याचं बनारस. शुद्ध नुस्कान, पण रेशमी आणि जरीचं, म्हणून कोणी हसलं नाही.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रांनी प्राकृताचं व्याकरण लिहिताना अशा शब्दांसाठी एकापाठोपाठ एक सूत्रं रचली. वाराणसीत र आणि ण उलटतात. ह्रद या शब्दात ह आणि द उलटतात, द्रह होतं. त्याच वाटेनं आपला डोह आला. लघुकात ल आणि ह उलटून हलुअ झालं. आपलं हलकं आणि हळू त्याच कुळातलं. ललाटाचं असंच काहीतरी होत होत मराठीत निढळ झालं. निढळाच्या घामावर भाषणं देणाऱ्यांना ते घसरलेलं कपाळ आहे हे ठाऊक नसतं. अचलपुरात च आणि ल उलटून अलचपुर होतं, असंही हेमचंद्र नोंदवतात. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव इंग्रजांच्या कागदपत्रांत एलिचपूर होतं आणि आता सरकारदरबारी पुन्हा अचलपूर आहे. अचल नावाचं गाव, पण अक्षरं मात्र चळलेली.

आणि याच रांगेत एक सूत्र आहे: महाराष्ट्रात ह आणि र उलटतात. महाराष्ट्र, मरहट्ठ, मराठा. महाराष्ट्री, मरहट्ठी, मराठी.

म्हणजे आपल्या भाषेचं नावच मुळात एक घसरलेली जीभ आहे. हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी 'ह'च्या आधी 'र' बोललं. त्याला कोणी हसलंही असेल. मग दुसरा तसंच बोलला, मग गाव, मग मुलूख. त्याच्याही कितीतरी आधी यास्कांनी निरुक्तात अशा आद्यन्त-विपर्ययाची उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक तर्कु, म्हणजे सूत कातायची चाती. कातायचा धातू कृत्, त्यातले क आणि त उलटून तर्कु. अक्षरांची ही सूतकताई त्यांना चूक वाटली नाही, शब्द जन्माला येण्याची एक रीत वाटली. संस्कृतात झालं तर वर्णविपर्यय, प्राकृतात झालं तर सूत्र, ऑक्सफर्डात झालं तर विनोद. मावशींनी केलं तर मात्र 'नुस्कान'. फरक उच्चारात नाही, उच्चारणाऱ्याच्या पायरीत आहे. एवढं कळायला मला चाळीस वर्षं लागली.

*

मोठी आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. फराळ अजून घरात होतो, तळायला मात्र दुसरं कोणी बसतं; ती खुर्चीवरून भाजणीच्या वासावरून सूचना देते. मागच्या दिवाळीत मी तिला हेमचंद्रांची सगळी हकिकत सांगितली. महाराष्ट्रातले ह आणि र, बनारस, निढळ. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलवले, पूर्वी चबाड-चळ्यावरमा जुळवताना हलायचे तसेच.

"म्हणजे आपण चराठीम," ती म्हणाली.

शेजारी स्टुलावर डबा होता. आता माळ्यावर ठेवायची गरज उरलेली नाही. चढणारं कोणी नाही आणि लपवणारंही. तिनं झाकण काढलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"घे. चकलीच."

हे तिनं साध्या मराठीत म्हटलं की 'च'च्या, ते मी विचारलं नाही.